साने गुरुजी : एका हळव्या मुलाची गोष्ट

आपल्या मंडळाच्या दुपारच्या वाचनात गेल्या श्रावणात आपण 'श्यामची आई' पुन्हा वाचायला घेतले होते. हे पुस्तक न वाचलेली बाई आपल्यांत क्वचितच असेल. कुणी शाळेत वाचले, कुणी सासूबाईंना वाचून दाखवले, कुणी आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट पाहून पदर ओला केला. त्या चित्रपटाला पुढे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, हेही आपण अभिमानाने सांगतो. पण वाचता वाचता माझ्या मनात एक विचार आला. या पुस्तकाचा उपयोग आपण घरोघरी मुलांना सुनावण्यासाठी फार करतो. श्याम बघ कसा आईचे ऐकत असे, आणि तू! त्या श्यामचे पुढे काय झाले, त्याच्या मनाने काय काय सोसले, ते मात्र आपण मुलांना सांगत नाही आणि स्वतःही आठवत नाही. म्हणून या स्मरणिकेसाठी गुरुजींचे चरित्र लिहावे असे ठरवले. मी विदुषी नव्हे. सातवीपर्यंत शिकले आणि पुढे संसारात पडले. जे वाचले आणि जे समजले तेच साध्या शब्दांत मांडते आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात पालगड या गावी झाला. घराणे खोताचे. एके काळी घरात सुबत्ता होती, पण वडील सदाशिवरावांच्या काळात ती ओसरत गेली. पुढे पुढे कर्ज आणि हलाखी एवढेच उरले. आई यशोदाबाई. त्यांच्याजवळ मुलांना द्यायला दागिना नव्हता, नवे कापड नव्हते. पण मुलाच्या मनात काय चालले आहे ते ओळखण्याची नजर होती, आणि ती त्यांनी मुलाला भरभरून दिली.

पांडुरंग लहानपणापासून हळवा. लगेच रुसायचा, लगेच रडायचा, भित्राही होता. असे मूल आपल्या घरात असले की आपण काय करतो? मुलगा असून रडतोस काय, म्हणून त्याला गप्प करतो. यशोदाबाईंनी त्या हळवेपणाला हिणवले नाही, आणि त्याचे नुसते लाडही केले नाहीत. झाडाची कळी अवेळी तोडली तर झाडाला काय वाटेल, मुक्या जनावराला मारले तर त्याला काय होईल, दारी आलेल्या गरीब म्हातारीला आधार दिला तर आपले काय बिघडते, असे सांगत त्यांनी मुलाचे रडे स्वतःपासून दुसऱ्याकडे वळवले. आपल्याला काय दुखते हे ज्याला कळते त्याला दुसऱ्याचे दुखणेही कळू शकते. एवढेच त्यांनी शिकवले, आणि गुरुजींचे सारे आयुष्य त्यातूनच उगवले.

पोहण्याची आठवण तुम्हांला आठवत असेल. गावातली मुले विहिरीत पोहायला शिकत होती आणि श्याम भीतीने घरात लपून बसला होता. आईने त्याला शोधून काढले आणि शिंपटीने मारत मारत घराबाहेर घालवले. बाहेरच्या मंडळींनी त्याला पाण्यात घातले आणि तो तरंगायला लागला. आपण ही आठवण सांगतो तेव्हा बहुधा इथेच थांबतो, कारण मुलांना मार देण्याला ती आपल्या सोयीची पडते. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. मुलगा घरी आला तेव्हा त्याच्या अंगावरचे वळ पाहून आईच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. तिने त्याला जवळ घेतले आणि आपण असे का वागलो ते सांगितले. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणावे हे तिला सहन होत नव्हते. रागावून झाल्यावर मुलाला तसेच सोडून द्यायचे नाही, जाऊन त्याची समजूत काढायची, ही त्या माउलीची रीत होती. मला वाटते, शिंपटी मुलाच्या लक्षात राहिली नसती तरी चालले असते, पण नंतरचे ते बोलणे त्याच्या लक्षात राहिले म्हणून तो पुढे मोठा झाला. आज मुलांना मारू नये असे सगळे जाणते सांगतात आणि ते बरोबरच आहे. शिंपटी आपण टाकून द्यावी. समजूत काढणे मात्र टाकू नये.

दुसरी आठवण अळणी भाजीची. एके दिवशी यशोदाबाई भाजीत मीठ घालायला विसरल्या. पहिल्या पंगतीला बसलेल्या वडिलांनी चकार शब्द काढला नाही, मुलांनीही वडिलांकडे पाहून तशीच भाजी खाल्ली. जिने राबून रांधले तिचे मन दुखावू नये, एवढाच त्यामागे भाव. नंतर स्वतः जेवायला बसल्यावर बाईंना कळले आणि त्यांना फार चुटपुट लागली. एक मूल घरात कसे घडते याचा हा नमुना आहे. वडिलांनी उपदेश केला नाही, आईने उपदेश केला नाही. मुलांनी मोठ्यांना एकमेकांचे मन जपताना पाहिले. आपल्या घरी ताटावर बसून जे शब्द निघतात ते मुले मुकाट्याने ऐकत असतात, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

पुढे शिक्षणासाठी पांडुरंगाला घर सोडावे लागले. दापोलीच्या मिशन शाळेत तो शिकला. घरची ओढग्रस्त वाढली तेव्हा औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे कळून तिकडे गेला. तिथे हाल काढले. प्लेग आला तेव्हा तेही सोडावे लागले. मग आला आपल्या पुण्याला. शनिवार पेठेत अप्पा बळवंत चौकाजवळचे नूतन मराठी विद्यालय आपण रोज जातायेता पाहतो, त्या शाळेचा हा विद्यार्थी. आपली मुले ज्या रस्त्यावर वह्या-पुस्तके घ्यायला जातात त्याच रस्त्याने तो मुलगा गावाकडची आठवण काढत हिंडला असेल.

आणि याच शिक्षणाच्या काळात, १९१७ साली, यशोदाबाई गेल्या. पांडुरंगाचे वय तेव्हा अठराच्या आत. शेवटच्या घटकेला तो आईजवळ नव्हता. तिची भेट झाली नाही. दारिद्र्यात, औषधपाण्यावाचून आई गेली आणि आपण तिच्या उशाशी नव्हतो, ही सल त्यांच्या काळजातून कधी निघाली नाही. भगिनींनो, अठरा वर्षांचा मुलगा म्हणजे आपल्याला मोठा वाटतो. मिसरूड फुटले की आपण त्याला कर्ता समजतो. तेराव्यानंतर नातेवाईक आपापल्या गावी जातात आणि मुलाने पुस्तक उघडून बसावे अशी अपेक्षा असते. पांडुरंगही तसाच पुस्तकाकडे परतला. १९१८ साली मॅट्रिक झाला. टिळक रस्त्यावरचे आताचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय तेव्हा न्यू पूना कॉलेज म्हणून ओळखले जाई, तिथून बी. ए. झाला आणि १९२४ साली तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. पण आईचे दुःख कुणापाशी मोकळे केले असेल का? ते मोकळे झाले ते सोळा वर्षांनी, आणि तेही तुरुंगात.

१९२४ साली ते खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, आणि शाळेच्या वसतिगृहाचीही जबाबदारी त्यांच्याकडे आली. चरित्रातला हा भाग आपणां आयांना सर्वांत उपयोगी आहे. घर सोडून आलेली ती मुले. कुणाची आई नाही, कुणाचे वडील कडक, कुणाला रात्री घराची आठवण येऊन झोप लागत नाही. आपणही असेच राहिलो होतो, हे गुरुजी विसरले नव्हते. मुले शाळेत गेली की ते खोल्या झाडीत, अंथरुणे नीट घालीत, अस्ताव्यस्त पडलेले सामान आवरीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत. मुलांचे मळके कपडेसुद्धा धुऊन टाकीत. परत आलेल्या मुलांना ते पाहून लाज वाटे आणि हळूहळू ती आपले आपण आवरू लागत. कुणी आजारी पडले तर रात्रभर उशाशी बसत. मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून 'छात्रालय' नावाचे दैनिक काढीत. त्यात वसतिगृहातल्या घडामोडी असत, थोरांच्या गोष्टी असत, आणि कुणाचे काय चुकले तेही अशा गोडीने असे की ज्याचे त्याने समजावे. सगळ्यांदेखत अपमान नाही. शिक्षा करून मुलगा वरवर सुधारतो, पण त्याच्या मनाला आपण जवळचे वाटलो तर तो आतून सुधारतो, हे त्यांनी सहा वर्षे करून दाखवले. मुले त्यांना गुरुजी म्हणू लागली, पण मला वाटते ते त्या मुलांची आईच झाले होते. आपल्याला जे हवे असताना मिळाले नाही ते त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना दिले.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी नोकरी सोडली. मग तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, ते गुरुजींनी भराभर उतरून घेतले, म्हणून आज आपल्याला 'गीता प्रवचने' वाचायला मिळतात. आणि १९३३ सालच्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ९ तारखेला लिहायला बसून १३ तारखेपर्यंत, अवघ्या पाच दिवसांत, त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढली. सोळा वर्षे साठलेले जणू बांध फुटून बाहेर पडले. १९३५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. तेव्हापासून किती घरांत ते वाचले गेले असेल याची मोजदाद नाही.

पुढचे आयुष्य आपण इतिहासात वाचतो. शेतकरी-कामगारांत ते हिंडले, १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले त्यासाठी खेडोपाडी राबले, १९४२ च्या लढ्यात भूमिगत राहिले. पंढरपूरच्या विठोबाचे दर्शन हरिजन बांधवांना मिळत नव्हते. ज्याच्या आईने हळवेपणाला दुसऱ्याच्या दुःखाची वाट दाखवली होती, त्याला हे कसे सहन व्हावे? महाराष्ट्रभर फिरून त्यांनी लोकांची मने वळवली आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात प्राणांतिक उपोषण मांडले. अखेर मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरले आणि उपोषण सुटले. आपल्यांतल्या कित्येकींच्या घरची माणसे आज आषाढीला विठोबाच्या पायांवर डोके ठेवतात, ते या माणसाने आपला जीव पणाला लावला म्हणून.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. खून करणारा महाराष्ट्रातला, आपल्या पुण्यातला, ही गोष्ट गुरुजींच्या जिव्हारी लागली. त्यांनी एकवीस दिवसांचा उपास केला, जणू पाप स्वतःचेच. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ते आजही पुण्यात शनिवार पेठेतून निघते. भारतातल्या सगळ्या भाषांतल्या माणसांनी एकमेकांना ओळखावे म्हणून आंतरभारतीचे स्वप्न पाहिले. पुतणी सुधा हिला त्यांनी प्रेमळ पत्रे लिहिली, ती 'सुंदर पत्रे' म्हणून आपल्याला वाचायला मिळतात. फुले, पक्षी, पाऊस, देशोदेशीच्या गोष्टी, सगळे त्यांत आहे. मुलीला इतके मनापासून लिहिणारा काका कुठल्याही मुलीला हवासा वाटेल.

आणि मग ११ जून १९५०. त्या दिवशी साने गुरुजींनी आपल्या हाताने आपले आयुष्य संपवले. वय पन्नास.

हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला. स्मरणिकेत असे लिहावे का, असे मी दोघीतिघींना विचारलेही. पुष्कळ ठिकाणी नुसते निधन झाले एवढेच लिहितात. पण मला वाटते की झाकून ठेवल्याने भले होत नाही. कशामुळे झाले, याचे एक कारण कुणी सांगू नये आणि मीही सांगणार नाही. जगातल्या दुःखाने ते पोळले होते हे खरे, मन खिन्न होई हेही खरे. पण पोळलेली सगळीच माणसे असे करीत नाहीत. आणि त्यांचे असे जाणे हा त्याग किंवा मोठेपणा असेही मी मानत नाही. त्यांचा मोठेपणा पन्नास वर्षांच्या जगण्यात आहे. जाणे ही हानी झाली, त्यांची आणि आपलीही. एवढेच म्हणते की ज्याने शेकडो मुलांच्या उशाशी रात्री जागून काढल्या, त्याच्या उशाशी त्या रात्री कुणी नव्हते. त्या काळी मनाच्या आजाराला आजार म्हणत नसत. थोर माणूस आहे, सोसेल, असे सर्वांना वाटते. हसतमुख दिसणारे, दुसऱ्यांचे अश्रू पुसणारे माणूस स्वतः थकलेले असेल हे कुणाच्या मनातही येत नाही.

इथे मला माझी गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या मुलाला परीक्षेत गुण कमी पडले. मी शेजारच्या मुलाचे नाव घेऊन त्याला घालून पाडून बोलले. ताटावर बसलेला उठून गेला. मग आठ दिवस तो अगदी शहाण्यासारखा वागला. उलट उत्तर नाही, हट्ट नाही, खेळायला जाणे नाही. मी मनात म्हटले, बरे झाले, सुधारला. नवव्या दिवशी अंथरुणे काढताना त्याची उशी ओली लागली आणि माझ्या पोटात धस्स झाले. तो सुधारला नव्हता, मिटला होता. तेव्हा अमळनेरचे गुरुजी मला आठवले. मी काही विचारले नाही. संध्याकाळी त्याच्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालीत बसू लागले. पहिले दोन दिवस तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी माझे चुकले म्हणून सांगितले. आईने मुलाजवळ चूक कबूल करायची म्हणजे कमीपणा, असे आपल्याला वाटते. पण यशोदाबाईंनी वळ पाहून डोळ्यांत पाणी आणले, तेव्हा त्या लहान झाल्या नाहीत. त्यानंतर हळूहळू तो बोलू लागला. गुणांबद्दल नव्हे, भलत्याच गोष्टींबद्दल, ज्या मला ठाऊकही नव्हत्या.

तेव्हा भगिनींनो, या चरित्रातून मी काय घेतले ते थोडक्यात लिहिते. हळवे मूल म्हणजे दुबळे मूल नव्हे. त्याच्या हळवेपणाला वाट द्यावी, पण त्याच्यावर जगाचे ओझेही टाकू नये. मुलगा रडला तर रडू द्यावे. रागावलो तर त्याच दिवशी समजूत काढावी, रात्र मध्ये जाऊ देऊ नये. घरात कुणी गेले तर मुलांसमोर त्या माणसाची आठवण काढावी, त्यांनाही काढू द्यावी. मूल एकाएकी गप्प झाले, जेवेना, झोपेना, आवडत्या गोष्टी सोडू लागले, आपल्या वस्तू वाटून टाकू लागले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर नाटक म्हणून सोडून देऊ नये. जीव देण्याचे विचार मनात येतात का, असे सरळ मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन हलके होते, असे डॉक्टर सांगतात. अशा वेळी मुलाला एकटे ठेवू नये. आणि आपल्याच्याने भागत नसेल तर मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात लाज मानू नये. पोटात दुखले तर आपण आल्याचा रस देऊन पाहतो आणि नाही थांबले तर दवाखाना गाठतो, तसेच हे. सरकारने २०२२ सालापासून टेलिमानस नावाची सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवावा. तो मुलांसाठी आहे तसा आपल्यासाठीही आहे. सर्वांचे करणारी बाईसुद्धा थकते.

पुढच्या श्रावणात आपण पुन्हा काहीतरी वाचायला घेऊच. पण 'श्यामची आई' पुन्हा हाती आली तर मुलाला ती दाखवून, बघ श्याम कसा होता, असे म्हणू नका. त्याच्या शेजारी बसून दोघांनी मिळून वाचा. वाचताना रडू आले तर दोघांनीही येऊ द्या. आणि पुस्तक मिटल्यावर लगेच कामाला उठू नका. थोडा वेळ तिथेच बसा. मुलाला काही सांगायचे असेल तर तो तेव्हाच सांगेल.